चेक-इन बॅगेवरची जाहिरात: टॅगवर चालेल, अंगावर नाही

विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेवर जाहिरात तीन जागी येते. टॅगच्या मोकळ्या जागेत छापलेली, हँडलला अडकवलेल्या जादा पट्टीवर, आणि थेट बॅगेच्या अंगावर चिकटवलेल्या स्टिकरवर. प्रवाशाच्या दृष्टीने या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली चालवून घेता येते. दुसरी कटकटीची आहे. तिसरी लावायची कुठल्याही विमान कंपनीला मुभा नसावी, आणि हा आढावा मुख्यतः तिच्याबद्दलच आहे.

आधी मूळ टॅग नीट बघू, कारण तो खरोखर विचारपूर्वक बनवलेला आहे. साधारण अर्धा मीटर लांब आणि 5 सेंटीमीटरच्या आसपास रुंद अशी ही पट्टी. छपाईला शाई लागत नाही. कागदावरचा रासायनिक थर उष्णता लागली की काळा पडतो. त्यावर 10 अंकी क्रमांक असतो: पहिला अंक टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचा संकेतांक आणि उरलेले सहा त्या बॅगेचा अनुक्रमांक. तोच क्रमांक बारकोडमध्ये उभा आणि आडवा असा दोन्ही तऱ्हांनी छापतात, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर बॅग कशीही लोळली तरी स्कॅनरची एखादी किरणरेषा सगळ्या रेघा कापून जातेच. पट्टी हँडलमधून ओवायची, मागचा गुळगुळीत कागद सोलायचा आणि दोन टोकं एकमेकांना चिकटवायची. इथेच त्यातली खरी हुशारी आहे: टॅगचा डिंक टॅगलाच चिकटतो, बॅगेला लागत नाही. बॅगेच्या अंगावर जातात ते फक्त बारकोडचे बोटभर तुकडे. त्यांना काम आहे. मुख्य टॅग फाटून पडला तर त्या तुकड्यावरून बॅगेचा मालक सापडतो.

जाहिरातीचा स्टिकर नेमकी हीच काळजी मोडून टाकतो. तळहाताएवढा कागद, मागे पूर्ण पसरलेला डिंक, आणि तो बॅगेच्या सर्वांत सपाट, दर्शनी भागावर दाबलेला. बॅग पोचवायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

टॅगवर छापलेल्या जाहिरातीबद्दल तक्रार करण्यासारखं फार नाही. टॅग कंपनीचा, कागद तिचा, आणि घरी पोचल्यावर तो कचऱ्यातच जायचा असतो. प्रवाशाच्या हातात येणाऱ्या छोट्या पावतीच्या पाठीवर छापली तर तीही ठीक. फक्त दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. बारकोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा लागते; रंगीत छपाई तिथवर आली तर यंत्राला रेघ कुठे सुरू झाली हेच कळत नाही. दुसरं, टॅगच्या कडेच्या रंगालाही अर्थ असतो. युरोपीय संघातल्या विमानतळांवरून निघणाऱ्या बॅगांच्या टॅगला हिरवी कड असते आणि सीमाशुल्क विभागाचे लोक ती बघतात. अशा कडेजवळ जाहिरातीचे हिरवे पट्टे खपवून घेता कामा नयेत. एवढं पाळलं असेल तर 5 पैकी 3 गुण.

हँडलला अडकवलेली जादा पट्टी दिसायला निरुपद्रवी वाटते. बॅगेला डिंक लागत नाही, काउंटरवरच फाडून टाकता येते. अडचण पुढे सुरू होते. काउंटरमागे बॅग एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत जाते. जिथे दोन पट्टे मिळतात त्या फटीत लोंबणारी प्रत्येक गोष्ट अडकू शकते. बॅगेचे लोंबते बंद आत खोचायला सांगतात ते याचसाठी. त्यातून जादा पट्टी खऱ्या टॅगवर उलटून बसली की बारकोड झाकला जातो. मग यंत्र 'वाचता आलं नाही' म्हणून बॅग बाजूच्या मार्गावर ढकलतं, तिथे माणूस हातातल्या स्कॅनरने क्रमांक वाचतो आणि बॅग परत मुख्य मार्गाला लागते. रिकाम्या वेळात यात काही मिनिटं जातात. गर्दीच्या वेळी आणि मधल्या विमानतळावर विमान बदलायला तासभरच असेल तर तेवढ्याने बॅग मागे राहते. 5 पैकी 2, तेही ती हाताने फाडता येते म्हणून.

झाकण्याचा हा धोका स्टिकरमध्येही आहे, वर आणखी दोन. ठरावीक वजनापेक्षा, बहुतेक ठिकाणी 23 किलोंपेक्षा, जड बॅगेला वेगळा इशारा लावतात, म्हणजे उचलणारा माणूस एकट्याने पाठीवर भार घेत नाही. 32 किलोंपुढचा एकच नग बहुतेक कंपन्या घेतही नाहीत. या इशाऱ्यावर किंवा त्याच्याच रंगात जाहिरात चिकटवणं म्हणजे सामान चढवणाऱ्याच्या कमरेशी खेळणं आहे. दुसरा धोका चकचकीत स्टिकरचा. काही कंपन्यांच्या टॅगमध्ये रेडिओ चिप असते. धातूचा मुलामा असलेला कागद तिच्या शेजारी आला की लहरी परावर्तित होतात, चिपच्या अँटेनाची जुळणी बिघडते आणि वाचन हुकतं. चंदेरी-सोनेरी जाहिरात दिसायला झकपक, पण चिपच्या टॅगजवळ ती नको.

सामान मिळण्याच्या पट्ट्याजवळ उभं राहिलं की आणखी एक गैरसोय कळते. काळ्या, करड्या, निळ्या बॅगांच्या रांगेत आपली बॅग ओळखायला लोक रिबन बांधतात, खूण करतात. सगळ्यांवर एकाच रंगाचा, एकाच जाहिरातीचा स्टिकर बसला की त्या खुणा हरवतात आणि दुसऱ्याची बॅग उचलून नेण्याची शक्यता वाढते.

आता नुकसानीकडे येऊ. डिंक दाबाने चिकटणारा असतो आणि त्याची पकड वेळेबरोबर वाढत जाते. लावल्यावर तासाभरात जो स्टिकर अख्खा निघतो तोच तीन दिवसांनी फाटत निघतो, कारण डिंक पृष्ठभागाच्या बारीक खाचांत उतरलेला असतो. म्हणून घरी गेल्यावर बघू, असं म्हणू नये. बॅग हातात आली की आधी फोटो काढावा: एक पूर्ण बॅगेचा, टॅग दिसेल असा, आणि एक स्टिकरचा जवळून. मग स्टिकर काढायला घ्यावा. मुख्य टॅग मात्र बाहेर पडेपर्यंत तसाच ठेवावा, काही ठिकाणी तो दाराशी पावतीशी पडताळतात.

काढायची पद्धत बॅग कशाची आहे यावर ठरते, आणि बॅगा खराब होतात त्या बहुतेक चुकीच्या उपायानेच.

पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकच्या बॅगेवर हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून 15 ते 20 सेंटीमीटरवरून 30 ते 40 सेकंद फिरवावा. एकाच जागी धरू नये. कोपरा नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने उचलावा आणि कागद स्वतःवरच दुमडून, बॅगेला जवळजवळ समांतर, सावकाश ओढावा. सरळ वर खेचला की वरचा कागद हातात येतो आणि पांढरा थर खाली राहतो. तो थर राहिलाच तर कोमट साबणपाण्यात भिजवलेलं फडकं 10 मिनिटं त्यावर ठेवावं आणि लगदा बोटाने चोळून काढावा. मग उरतो तो चिकटा. त्यावर खायच्या तेलाचे दोन-तीन थेंब, 10 मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि भांड्यांच्या साबणाने ओशटपणा धुऊन टाकायचा. तेल रात्रभर ठेवू नये. तरी डाग राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं जेमतेम ओलं करून, आधी चाकाजवळच्या न दिसणाऱ्या जागी तपासून, पटकन पुसावं.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांना हात लावू नये. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं आणि ते पॉलिकार्बोनेट आणि एबीएस (कडक बॅगांचं दुसरं एक प्लास्टिक) दोन्ही खराब करतं. आधी पृष्ठभाग धुरकट होतो, मग केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या सुरू होतात त्या कोपऱ्यांत आणि हँडलच्या स्क्रूभोवती, म्हणजे जिथे प्लास्टिकवर आधीच ताण असतो तिथे. पुढच्या एखाद्या प्रवासात कोपरा फुटतो आणि दोष बॅग बनवणाऱ्याला दिला जातो. संत्र्याच्या सालीच्या अर्काची डिंक-काढणी द्रव्यंही या प्लास्टिकवर टाळावीत. 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी त्यातलं लिमोनिन एबीएसला मऊ करतं. भांडी घासायची खरबरीत घासणी वापरली तर डाग जातो, पण ओरखडे कायमचे राहतात.

कापडी बॅगेचं गणित उलटं आहे. तिथे ऊब नको, गारवा हवा. गरम केलेला डिंक धाग्यांत आणखी खोल जातो. बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून 10 ते 15 मिनिटं स्टिकरवर ठेवावेत. डिंक ठिसूळ झाला की बोथट कडेने खरवडावा आणि उरलेले कण चिकटपट्टीची चिकट बाजू थोपटून उचलावेत. तेल लावू नये, नायलॉनवर त्याचा काळपट डाग राहतो आणि त्यावर धूळ बसते. पाणी अडवणारा लेप असलेल्या कापडावर अल्कोहोल भिजत ठेवू नये.

चामड्याची बॅग असेल तर खेचाखेच करूच नये. डिंकाबरोबर वरचा रंगाचा थर निघून येतो. किंचित ऊब देऊन कोपरा सहज उचलला तर ठीक, नाहीतर चामड्याचं काम करणाऱ्याकडे न्यावी. ॲल्युमिनियमच्या बॅगेला यातला त्रास सर्वांत कमी.

काढता काढता बारकोडचे ते बोटभर तुकडेही सोडू नयेत. पुढच्या प्रवासात यंत्राला जुना आणि नवा असे दोन क्रमांक दिसले तर ते निर्णय घेत नाही, बॅग माणसाकडे पाठवतं.

स्टिकर लागूच नये म्हणून काय करता येईल? काउंटरवर बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच सांगावं: "फक्त सामानाचा टॅग लावा, जाहिरातीचा स्टिकर नको." टॅग लागल्यावर सांगून उपयोग नसतो, कारण बॅग दोन-तीन सेकंदांत आत जाते. समोरच्या कर्मचाऱ्यावर चिडू नये. स्टिकर लावायचं त्याने ठरवलेलं नसतं आणि साध्या शब्दांत सांगितलं तर नकार द्यायला त्याच्याकडेही कारण नसतं. स्वतः टॅग लावायच्या यंत्रावर प्रश्नच येत नाही: जाहिरातीचा तुकडा बाहेर आला तर तो बॅगेला लावायची सक्ती नाही.

काउंटरच्या पलीकडे, आपल्या नजरेआड स्टिकर लावत असतील तर ताणून बसणारं कापडी कव्हर हाच खरा उपाय. डिंक कव्हरला लागतो. हँडल आणि चाकं मोकळी राहतील असं कव्हर घ्यावं, नाहीतर टॅग कव्हरलाच बांधतात आणि कव्हर निघालं की बॅग बेवारस होते. चिकट फिल्ममध्ये बॅग गुंडाळूनही काम होतं, पण तपासणीला बॅग उघडायची झाली तर फिल्म कापतात आणि पैसे वाया जातात.

तक्रार करायची तर मुदत फार कमी असते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा माँट्रियल करार लागू असेल तिथे नोंदणी केलेल्या सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते. बॅग विनातक्रार स्वीकारली तर ती चांगल्या स्थितीत मिळाली असं प्रथमदर्शनी धरलं जातं. म्हणून शक्य असेल तर विमानतळावरच सामानाच्या कक्षात नोंद करून तिची प्रत घ्यावी. भरपाईची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून प्रत्येक प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). स्टिकरच्या डागासाठी कोणी एवढं मागणार नाही, पण साफसफाईचा किंवा दुरुस्तीचा खर्च जरूर मागावा. देशांतर्गत प्रवासाला हा करार नाही, तिथे त्या त्या देशाचे नियम पाहावेत.

कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं: वाहतुकीत होणारी किरकोळ झीज आमची जबाबदारी नाही. त्याला लेखी उत्तर द्यावं की ही झीज नव्हे. आपटून, घासून काही झालेलं नाही, तुमच्याच माणसांनी वाहतुकीशी संबंध नसलेली वस्तू मुद्दाम चिकटवली आहे. याच करारात कंपनीने प्रत्येक नगासाठी ओळखीचा टॅग द्यावा असं कलम आहे. ते ओळखीसाठी आहे, जाहिरातीसाठी नाही. पत्रात तारीख, उड्डाण क्रमांक, टॅगचे 10 अंक, दोन्ही फोटो आणि खर्चाची पावती जोडावी. तिकिटाच्या अटींतलं सामानाचं प्रकरणही वाचावं आणि जाहिरात लावायची परवानगी आपण कुठे दिली ते कंपनीलाच दाखवायला सांगावं.

बॅग आपण पोचवायला दिलेली असते, वापरायला नाही. जाहिरातदाराचे पैसे कंपनीला मिळतात, खरवडायचं काम प्रवाशाला. अंगावरच्या स्टिकरला 5 पैकी शून्य. सहज निघणारा डिंक वापरला तरी फार तर 1 गुण देता येईल, कारण विचारलेलं तरीही नसतं. तिकीट काढताना जेवण आणि आसन निवडतो त्याच पानावर 'बॅगेवर जाहिरात चालेल' असा एक चौकोन द्यावा, तो आधीपासून भरलेला नसावा, आणि जो भरेल त्याला सामानाच्या शुल्कात सूट मिळावी.