सहावीतल्या वाचकाला आधी काय द्यावे: ‘श्यामची आई’ की ‘फास्टर फेणे’?

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या ग्रंथालयाच्या बालविभागात नवे सभासद येतात, आणि देवघेवीच्या टेबलाशी उभे राहून बहुतेक पालक एकच गोष्ट विचारतात: हा यंदा सहावीत जाईल, याला वाचनाची गोडी लागेल असे काही आहे का? बरीच वर्षे मी न विचार करता ‘श्यामची आई’ काढून देत असे. अलीकडे मात्र माझा हात आधी भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ या साहसकथांच्या मालिकेकडे जातो.

दोन्हींच्या योग्यतेबद्दल वाद नाही. साने गुरुजींनी 1933 साली बहुतांशी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तल्या त्या बेचाळीस रात्री, म्हणजे प्रकरणे, आजही मला स्वस्थपणे वाचता येत नाहीत, आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मी लहानपणी पांघरुणात विजेरी लावून वाचला आहे. त्यामुळे मी तटस्थ आहे, असा दावा करत नाही.

माझे मत बदलले ते ग्रंथ पडताळणीच्या, म्हणजे कपाटातली पुस्तके नोंदीशी ताडून पाहण्याच्या वेळी. ‘श्यामची आई’ची एक जुनी प्रत दाखल क्रमांक पाहण्यासाठी हातात घेतली आणि सहज मिटून तिची कड पाहिली. सुरुवातीची पंधरावीस पाने बोटांच्या मळाने तपकिरी झाली होती, त्यापुढचा सगळा भाग मात्र जवळजवळ कोरा होता. दुसऱ्या प्रतीची कथाही तीच. म्हणजे पुस्तक शेकडो वेळा घरी गेले होते आणि बहुधा तितक्याच वेळा न वाचता परत आले होते. शेजारच्या कप्प्यातले ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ शिवण उसवेपर्यंत, शेवटच्या पानापर्यंत सारखेच मळले होते. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, हे मला मान्य आहे. पण तेव्हापासून ती कोरी कड मला खटकत राहिली.

कारण बहुधा सुरुवातीत आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो आहे, ही बैठक मोठ्यांना भावते. मुलाला मात्र गोष्ट सुरू होण्याआधीच प्रार्थनेला बसवल्यासारखे वाटत असावे. पोहायला जायचे नाही म्हणून दडून बसलेला श्याम आणि त्याला बाहेर काढणारी आई, किंवा मीठ नसलेली भाजी एक शब्दही न बोलता जेवणारे वडील, ही प्रकरणे कोणत्याही मुलाला धरून ठेवतील अशी आहेत, पण तिथपर्यंत पोहोचायला धीर लागतो. फास्टर फेणे हा धीर मागत नाही. त्यात संवाद अधिक, वाक्ये आटोपशीर, आणि फेणेचा तो ‘ट्टॉक’ आवाज तर काही मुले माझ्या टेबलापाशीच काढून दाखवतात. शिवाय मालिकेत वीस पुस्तके असली तरी ती क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही, त्यामुळे एक बाहेर गेलेले असले तर दुसरे देता येते. एका शीर्षकाची एकच प्रत घेऊ शकणाऱ्या ग्रंथालयाला याचे मोल कळेल.

फेणेच्या बाजूनेही उणे आहेच. त्यातले पुणे आता राहिलेले नाही, योगायोग फार घडतात, आणि साहसातला मुलींचा वाटा मला तरी अपुरा वाटतो. एका मुलीने पुस्तक परत करताना हे मला थेट सुनावले. माझ्याकडे उत्तर नव्हते. खर्चाच्या दृष्टीने ‘श्यामची आई’ सोयीची आहे. तिचे स्वामित्वहक्क 2010 अखेर संपले आणि अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या स्वस्तात मिळू लागल्या. फक्त घेताना टाइप बारीक नाही ना, हे पाहावे.

तरीही सध्या मी मुलाच्या कार्डावर फेणे चढवतो आणि ‘श्यामची आई’ पालकाच्या कार्डावर देतो. श्यामने त्या आठवणी रात्री बसून सांगितल्या आहेत, तेव्हा कोणीतरी मोठ्याने वाचावे आणि मुलाने ऐकावे, हेच त्या पुस्तकाला अधिक मानवते, असा माझा समज आहे. पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरू नका, असेही सांगतो आणि ‘अळणी भाजी’च्या पानात कागदाची पट्टी घालून देतो. गेल्या आठवड्यात परत आलेल्या प्रतीत नेमक्या त्याच पानावर हळदीचे बोट उमटले होते. नियमाप्रमाणे दंड आकारायला हवा होता; मी आकारला नाही.