पॅनडॉक : मराठी मजकूर जसाच्या तसा, पण अवतरणाआधी बॅकस्लॅश

मी प्रुफं वाचणारी बाई. मिरजेतल्या एका छापखान्यात बावीस वर्षं हेच केलं, त्यामुळे नको तिथे पडलेलं एखादं टिंबसुद्धा माझ्या डोळ्याला खुपतं. आमच्या मंडळाचा दिवाळी अंक छोटा आहे. दोन वर्षांपासून छापील प्रतींबरोबर तो वेबसाइटवर आणि ई-पुस्तक म्हणूनही निघतो. लेखक वर्डच्या फाइली पाठवतात, त्यातून मला मार्कडाउन लागतं, म्हणजे ठळक अक्षरं, दुवे, याद्या वगैरे साध्या चिन्हांनी दाखवणारा साधा मजकूर. त्यासाठी मी पॅनडॉक हा एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारा प्रोग्राम वापरते, आणि अंक काढणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावं असं मला मनापासून वाटतं. फक्त त्याची एक सवय आधी समजून घ्यायला हवी.

पॅनडॉक फुकट आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. बटणं, खिडक्या असं काही नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. मला भाच्याने ती एकदा लिहून दिली, आता हात आपोआप चालतो.

याआधी आम्ही पैसे भरून एक ऑनलाइन सेवा घेतली होती. तिच्यातून निघालेल्या फाइलमध्ये 'आई' या शब्दाच्या जागी आई असं यायचं. ब्राउझरमध्ये ते 'आई' असंच दिसतं, पण फाइल उघडून प्रूफ वाचायचं कसं? साध्या 'आई'ला आकड्यांत कोंबायची काहीच गरज नव्हती. पॅनडॉक, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय, असं करत नाही. जोडाक्षरं, रफार, 'वाऱ्यावर'मधला आडवा र, सगळं जागच्या जागी. पहिल्या दिवशी चाळीस पानांची कथा तपासली, मराठीचं एक अक्षर हललं नव्हतं.

हललं होतं ते विरामचिन्हांत. कथेतलं एक वाक्य असं आलं :

\"आई, तू येशील ना\...\"

मूळ फाइलमध्ये यातला एकही बॅकस्लॅश, म्हणजे \ ही तिरकी रेघ, नव्हता. आणि आपल्या कथांमध्ये संवाद किती, संवादात ही तीन टिंबं किती! एका पानावर मी एकोणतीस मोजले. गंमत म्हणजे दुसऱ्या एका लेखिकेची कथा अगदी स्वच्छ आली होती. दोन्ही मूळ फाइली शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. स्वच्छ कथा वर्डमध्येच टाइप केलेली होती, आणि वर्डने अवतरणं आपणहून गोलसर करून टाकली होती. दुसरी फोनवर लिहून वर्डमध्ये चिकटवलेली, तिच्यात सरळ उभी अवतरणं होती.

पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये 'स्मार्ट' नावाची सोय मुळातच चालू असते. तिच्यामुळे फाइल पुन्हा वाचताना सरळ अवतरण गोल होतं आणि तीन टिंबांचं एक चिन्ह होतं. म्हणून लिहिताना पॅनडॉक विचार करतं की लेखकाने सरळ अवतरण दिलंय, ते सरळच राहायला हवं, आणि त्याच्या आधी बॅकस्लॅश लावतं. हेतू मूळ मजकूर जपण्याचाच आहे. पण ज्या मराठी लेखिकेने फोनवर जे हाताला लागलं ते चिन्ह टाइप केलं, तिला सरळ आणि गोल यांत काही निवडायचंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, पान तयार झाल्यावर बॅकस्लॅश दिसत नाहीत, मग बिघडलं कुठे? आमच्या वेबसाइटवर बिघडलं. जॉन ग्रूबर यांनी २००४मध्ये मार्कडाउन काढलं तेव्हा कोणत्या चिन्हांआधी बॅकस्लॅश चालेल याची एक छोटी यादी दिली होती. तिच्यात टिंब आहे, अवतरणचिन्ह नाही. आमची साइट जुनी, ती ती यादी पाळते. त्यामुळे टिंबांआधीचे बॅकस्लॅश गायब आणि अवतरणांआधीचे सगळे पानावर उभे.

मी घाईत एक चूक केली, ती तुम्ही करू नका. शोधा-आणि-बदला उघडून सगळे बॅकस्लॅश एका झटक्यात पुसले. साइटवरचे लेख सुधारले, पण त्याच फाइलींमधून ई-पुस्तक काढलं तेव्हा कणकवलीच्या एका कवयित्रीची सोळा ओळींची कविता सलग एक परिच्छेद होऊन बसली. कारण कवितेत ओळीच्या शेवटी पॅनडॉक जो बॅकस्लॅश ठेवतं, तो 'इथे ओळ तोडा' असं सांगणारा असतो. तो गरजेचा होता. कवितेची ओळ मोडणं म्हणजे कविताच मोडणं, मला त्या रात्री झोप लागली नाही.

उपाय पुसण्यात नाही, आधी सांगण्यात आहे. आउटपुटचं नाव देताना मार्कडाउनपुढे उणे चिन्ह देऊन 'स्मार्ट' जोडायचं (markdown-smart), म्हणजे ती सोय बंद होते. मग सरळ अवतरण सरळ, गोल ते गोल, मध्ये बॅकस्लॅश नाही. तसंच उणे चिन्ह देऊन ओळतोडीच्या बॅकस्लॅशची सोयही बंद करता येते. मग ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा येतात. त्या आमच्या जुन्या साइटलाही कळतात आणि ई-पुस्तकालाही. ओळी बहात्तर अक्षरांपाशी तोडू नकोस, हेही मी त्याच आज्ञेत सांगते.

तरी काही उरतंच. चौकटी कंसातली संपादकीय टीप \[येथे दोन ओळी गाळल्या आहेत\] अशीच येते, कारण चौकटी कंस हा मार्कडाउनमध्ये दुव्याचा असतो. परिच्छेद 1965. असा सुरू झाला तर त्या टिंबाआधी बॅकस्लॅश येतो, नाहीतर क्रमवार यादी सुरू झाल्यासारखं होईल. तो बॅकस्लॅश मी ठेवते. मात्र तेच साल १९६५. असं देवनागरीत लिहिलं असेल तर काहीच लागत नाही, देवनागरी आकडे यादीचे धरले जात नाहीत. म्हणून मी लेखकांना आकडे देवनागरीतच लिहायला सांगते, तसंही मराठी अंकात तेच शोभतं.

युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली मात्र पॅनडॉककडे पाठवू नका. त्यांत मराठी अक्षरांच्या पोटात इंग्रजी कळा आणि चिन्हं असतात, तेव्हा बॅकस्लॅश थेट शब्दांच्या मधोमध येऊन बसतात. आधी युनिकोड करून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या मुळात चालू असलेल्या 'स्मार्ट'साठी कापला. कणकवलीच्या बाईंना दुरुस्त ई-पुस्तक पाठवलं, त्यांनी सोळाही ओळी मोजून कळवलं.