पुढच्या चाकाचा एबीएस सेन्सर घरी बदलला: आठ महिने, अकरा हजार किलोमीटरनंतर

गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक. मी राहतो जुळे सोलापुरात, काम अक्कलकोटला, आठवड्यातून चार दिवस अप-डाउन. गेल्या सप्टेंबरात सात रस्त्याच्या सिग्नलला अगदी हळू ब्रेक लावताना पेडल पायाखाली कडकड करायला लागलं. रस्ता कोरडा, वेग जेमतेम दहाचा. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर तिला त्या चाकाचा वेग कळवतो. तिथे ती जागी होण्याचं काही कारणच नव्हतं. पंधरा दिवसांनी डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला तो विझेना.

वर्कशॉपने सेन्सर आणि मजुरी धरून ६,४०० रुपये सांगितले. तोच सेन्सर मला १,८५० ला मिळाला. पण पैशापेक्षा एक गोष्ट जास्त खटकली: चाक न उघडताच त्यांनी भाग बदलायचं ठरवलं होतं.

म्हणून आधी तपासणी. मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनच्याच बिघाडाचे कोड वाचतो, एबीएसचे नाही. माझा एक मित्र ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, त्याचा स्कॅनर आणला. कोड निघाला सी००३५, म्हणजे पुढचं डावं चाक. लाइव्ह डेटा लावून गाडी हळू चालवली तर तीन चाकं १५ चा वेग दाखवत होती आणि डावं कधी ९, कधी शून्य. मग चाक उचलून वर-खाली हलवून पाहिलं. खेळ नव्हता, घरघर नव्हती, म्हणजे बेअरिंग ठीक. ही पायरी सोडू नका. आजच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची कडी असते आणि सेन्सर तिच्यावरचे उत्तर-दक्षिण ध्रुव मोजतो. कडी खराब असेल तर नवा सेन्सर लावूनही दिवा तसाच राहील. सेन्सर अ‍ॅक्टिव्ह प्रकारचा, म्हणजे एबीएसच्या मॉड्यूलकडून वीज घेणारा असेल, तर त्याला मल्टिमीटरच्या ओहमवर लावू नका, आतलं सर्किट जाऊ शकतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी काम काढलं. हँडब्रेक, गिअर, मागच्या चाकांना विटा, जॅक आणि शिवाय जॅक स्टँड. स्टँड नसेल तर हे काम करू नका. काढलेलं चाकही मी गाडीच्या दाराखाली आडवं सरकवून ठेवलं.

सेन्सर एकाच दहा नंबरच्या बोल्टवर बसतो. बोल्ट गंजलेला. शेजारचे काका आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते, ते कंपाउंडजवळ उभे राहून बघत होते. म्हणाले, "सोडायच्या आधी केसभर घट्ट कर बाळा, गंजाची पकड सुटते. मग उलटा फिरव." तसंच केलं आणि बोल्ट अख्खा निघाला. सेन्सर मात्र स्टिअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागात, चिकटून बसला होता. डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबलो, हळूहळू पिळत राहिलो. मित्र ओरडला, "थांब की बे, तुटंल!" आणि तुटलाच. वरचं डोकं हातात, खालचा प्लास्टिकचा तुकडा भोकात.

इथे हातोडी-छिन्नी घेतली असती तर तुकडा आत बेअरिंगवर पडला असता. लाकडाचा स्क्रू त्या प्लास्टिकमध्ये चार आटे फिरवला, पकडीने सरळ ओढला आणि तो आला. या सगळ्यात दीड तास गेला.

त्यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. भोकाच्या तोंडाशी गंजाचा थर साचला होता. सेन्सरचं टोक आणि कडी यांच्यात अंतर जेमतेम मिलीमीटरचं, गंजाने सेन्सर तेवढाच वर उचलला की हळू वेगाला सिग्नल तुटतो आणि पेडल कडकडतं. माझा जुना सेन्सर कदाचित मेलेलाही नसेल, फक्त वर उचलला गेला असेल. पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून भोक साफ केलं आणि ओल्या फडक्याने भुकटी पुसून घेतली, कारण लोखंडाची भुकटी चुंबकाच्या कडीला चिकटते. बैठकीला ग्रीसचा पातळ हात दिला, टोकाला नाही. नवा सेन्सर बोटाने दाबताच पूर्ण बसला. बसला नाही तर बोल्टने ओढून बसवू नका, पुन्हा काढून घासा.

कोड पुसला, दोन गल्ल्या फिरवल्यावर दिवा गेला.

फेब्रुवारीत तो परत लागला. चार महिनेच झाले होते आणि फार वाईट वाटलं. चाक काढलं तर सेन्सर ठणठणीत, पण त्याची वायर टायरला घासून तांबं उघडं पडलेलं. शॉक अबसॉर्बरवरची एक क्लिप मी ऑक्टोबरात नीट बसवली नव्हती आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायरचा ताण पाहिला नव्हता. चूक पूर्णपणे माझी. वायर सेन्सरलाच जोडलेली, म्हणून दुसरा सेन्सर घेतला, प्रत्येक क्लिप 'टक' होईपर्यंत दाबली, कपलरपर्यंत, म्हणजे वायर गाडीच्या वायरिंगला जोडते त्या प्लगपर्यंत, ती जुन्या वाटेनेच नेली. तेव्हापासून दिवा नाही. या वेळी सेन्सर हाताने निघून आला. बैठक स्वच्छ असली की काम वीस मिनिटांचं.

दिवा लागला असताना साधे ब्रेक लागतात, म्हणून बरेचजण तसेच फिरतात. मी तसं करणार नाही. जानेवारीत रात्री वळसंगच्या अलीकडे उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, अचानक समोर आली. ब्रेक पूर्ण दाबला, पेडल थरथरलं आणि गाडी वळवता आली. चाकं जाम झाली असती तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच गेली असती. मागे आई बसली होती. आणि पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी चालवूच नका, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल राखणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते.

एप्रिल-मेचं ऊन झालं, परवा मृगाचा पहिला पाऊस झाला, काळ्या मातीचा चिखल चाकात भरून आला. स्कॅनर पुन्हा लावला, चारही चाकं बरोबर. आता पाण्याने चाक धुताना त्या भोकाच्या तोंडावर प्रेशरचा फवारा मारत नाही, आणि टायरची अदलाबदल करायला चाक काढलं की क्लिपांवरून एकदा बोट फिरवतो.

उजव्या बाजूचाही बदलून टाकावा का, असं मित्राला विचारलं होतं. तो नको म्हणाला, आणि मलाही पटलं. सात वर्षं जागेवर बसलेला सेन्सर चालू असताना ओढायला गेलं तर तो तुटायचीच शक्यता जास्त.