‘पाच हजार वॉट’चा डीजे सेट घेण्याआधी मागचा फ्यूज वाचा

भाच्याला डीजेचं काम सुरू करायचं होतं. फार मोठं नाही; ओळखीतल्यांची हळद, संगीत, लोकमान्यनगरातल्या मंडळाचा गणपती. इंदूरच्याच एका दुकानातून त्याने पंधरा इंची दोन टॉप (म्हणजे मुख्य स्पीकरची खोकी) आणि ॲम्प्लिफायर असा सेट बेचाळीस हजारांना उचलला. दुकानदाराचं पालुपद एकच: “भिया, पाँच हज़ार वॉट है, पूरी गली हिल जाएगी.” दुकानात खरंच हलली, कारण डेमोला लावलेला ॲम्प निराळा होता. घरी आला तो त्याच रंगाचा, त्याच तोंडवळ्याचा, पण एका हाताने उचलता येईल असा.

पाच हजार हा आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा. त्याला कुठलंही ठरलेलं माप नाही, छापणारा वाटेल ते छापतो. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे ॲम्प सतत किती वॉट देतो, आणि तेही किती ओमच्या, म्हणजे किती विद्युत-अडथळ्याच्या, स्पीकरवर. आमच्या ॲम्पच्या मागे फ्यूज होता 5 अँपिअरचा. 230 गुणिले 5, म्हणजे भिंतीतूनच जेमतेम 1150 वॉट आत येणार, त्यातलेही बरेच उष्णतेत जाणार. मग पाच हजार बाहेर कुठून पडणार? आठवीतल्या पोराला जमेल असा हिशेब आहे, दुकानात उभ्याउभ्या होतो.

खरा फटका पुढे बसला. आवाज पुरेना म्हणून पोरगं नॉब वाढवत गेलं, क्लिपचा लाल दिवा लागूनच राहिला. ताकद संपली की ॲम्प लाटांचे शेंडे छाटतो. त्यातून वरच्या पट्टीचा कर्कश भाग वाढतो आणि तो थेट हॉर्नमागच्या, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या भोंग्यामागच्या, नाजूक पडद्यावर (डायाफ्रामवर) जातो. पहिल्याच हळदीत दोन्ही हॉर्न जळाले. कमी ताकदीचा ॲम्पही स्पीकर जाळतो हे कुणाला पटत नाही, आणि दुकानदाराला ते पक्कं ठाऊक असतं. “ज़्यादा बजाया, वारंटी ख़तम,” म्हणून मोकळा. दुरुस्तीवाल्याने खोकी उघडली, तर एका वूफरची, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरची, कॉइल आधीच एकदा नव्याने गुंडाळून घेतलेली. वर स्टिकर मात्र कोरा करकरीत!

पन्नास-शंभर माणसांच्या हॉलला ॲम्प आतच असलेले बारा इंची दोन ॲक्टिव्ह स्पीकर सहसा पुरतात, जुळवाजुळवीची कटकटच नाही. वेगळा ॲम्प घ्यायचाच असेल तर स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटमध्ये तो किती मोठ्याने वाजतो, ते बघा: 95 डेसिबलवाल्याला जेवढे वॉट लागतात, त्याच्या निम्म्यात 98 वाला तेवढाच वाजतो. डेमो ज्या नगावर ऐकलात त्याचाच सिरियल नंबर बिलावर चढवून घ्या, आणि तोच नग समोर गाडीत ठेवायला लावा.

आमच्या बिलावर फक्त ‘साउंड सेट 1 नग’. पक्कं बिल मागितलं तेव्हा “जीएसटी अलग से लगेगा” हे उत्तर मिळालं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून ती चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद, एवढंच जवळ आहे. दुकानदार सध्या फक्त हॉर्न बदलून द्यायला तयार आहे, तेही अर्धे पैसे घेऊन.