जुन्या वाड्यांतील सतरंज्यांची दुरुस्ती : अकोट तालुक्यातील एका कार्यशाळेविषयी

अकोटच्या सुती सतरंज्यांचा लौकिक जुना आहे. वऱ्हाडातील देशमुखी वाड्यांच्या बैठकीत अंथरलेल्या हातमागावरच्या मोठ्या सतरंज्या आजही माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत किंवा धान्याच्या कोठीमागे सापडतात; मात्र वाडा पाडायला काढला की सागवानी खांबांना आणि चौकटींना गिऱ्हाईक लगेच मिळते, आणि सतरंजी मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कुटाराखाली जाते. अशा सतरंज्या दुरुस्त करून देणाऱ्या, तालुक्यातील एका विणकर कुटुंबाच्या कार्यशाळेकडे आम्ही आमच्या वाड्यातील दोन सतरंज्या आणि एक छापील जाजम सोपवले होते.

सतरंज्यांचे काम उत्तम झाले आहे. सतरंजीत बाणा, म्हणजे आडवा धागा, पंजा नावाच्या दातेरी अवजाराने ठोकून इतका घट्ट बसवलेला असतो की ताणा, म्हणजे उभा धागा, दिसतच नाही. वापराने आधी बाणा झिजतो, मग ताणा उघडा पडतो, आणि ताणा तुटला की भोक वाढत जाते. या मंडळींनी प्रथम दोन्ही सतरंज्या उलट्या अंथरून ताणा कुठे शाबूत आहे आणि कुठे गेला आहे हे पांढऱ्या दोऱ्याच्या सैल टाक्यांनी दाखवून दिले, आणि त्यानंतरच किती काम करायचे हे आम्हाला विचारले. तुटलेल्या जागी नवा ताणा भोकाच्या काठाशी न थांबवता दोन-तीन बोटे पलीकडच्या मजबूत विणीत सुईने ओवला आहे, त्यामुळे पायाचा ताण जुन्या काठावर एकवटत नाही. बाण्यासाठी ते शक्यतो जुनेच सूत वापरतात. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या सतरंज्या स्वस्तात घेऊन, उसवून, त्यांच्या लडी रंगाप्रमाणे वेगळ्या ठेवलेल्या आम्हाला दाखवण्यात आल्या, आणि या कार्यशाळेची खरी पुंजी तीच आहे. जवळून पाहिल्यास दुरुस्तीची जागा ओळखू येते. आमच्या मोठ्या काकांना ते खटकले. मला ते योग्यच वाटते, कारण जुने किती आणि नवे किती हे पुढच्या पिढीला कळायला हवे.

स्वच्छतेतही त्यांनी घाई केली नाही. सारवलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे खालच्या बाजूला शेणामातीचे पापुद्रे चिकटले होते आणि एका कोपऱ्याला उधई लागून गेली होती. पापुद्रे पूर्ण वाळू देऊन बांबूच्या पातळ कामटीने सुटे केले, आणि धूळ काढताना व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधले, म्हणजे सुटे धागे ओढले जाऊ नयेत. दोरीवर टाकून काठीने झोडपण्याची आपल्याकडची सर्रास पद्धत जुन्या ताण्याला सोसत नाही. धुण्याआधी प्रत्येक रंगावर ओले पांढरे सुती फडके दाबून ठेवून पाहिले. निळा रंग उतरला नाही. तो निळीचा असावा असे त्यांचे मत पडले. एका सतरंजीतील गुलाबी रंग मात्र फडक्याला लागला, म्हणून ती धुतलीच नाही. अलिझरीन हा लाल रंग कृत्रिमरीत्या १८६८ साली तयार झाला आणि पुढे आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढण्याचा धंदा बसला. त्यानंतर बाजारात आलेले सगळेच स्वस्त रंग सारखे पक्के नव्हते, त्यामुळे ही खबरदारी आवश्यकच होती.

जाजमाबाबत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. विरलेल्या भागाला मागून मऊ सुती कापडाचा आधार द्यायला हवा होता, तो दिला. पण शिवण नायलॉनच्या दोऱ्याने आणि मशीनवर घातली. असा दोरा जुन्या सुतापेक्षा बळकट असल्याने ताण पडताच तो दोरा न तुटता कापडच कापले जाते. सांगितल्यावर त्यांनी शिवण उसवून सुती दोऱ्याने हाताने टाके घालून दिले, परंतु सुईची भोके राहिली ती राहिलीच. विणकामात मुरलेल्या हातांना छापील कापडाची तितकी जाण नाही, असे माझे मत झाले आहे.

दुसरी उणीव बांधणीची. दोन्ही सतरंज्या चौघडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालून मिळाल्या. घडीच्या रेषेवर सूत मोडते आणि प्लास्टिकमध्ये पावसाळ्याची दमट हवा कोंडून बुरशी धरते, म्हणून घरी आणताच त्या धुतलेल्या मांजरपाटात घेऊन जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळाव्या लागल्या. डांबराच्या गोळ्याही थेट सतरंजीवरच टाकलेल्या होत्या, त्या काढल्या. कापड दुकानात अशी नळी सहज मिळते. ती सोबत घेऊन जावे आणि गुंडाळूनच द्यायला सांगावे.

आकारणी सतरंजीच्या मापावर नसून नव्याने विणलेल्या भागावर, वितीच्या हिशेबाने होते, आणि ती आधी सांगितली जाते. एकूण खर्च त्याच मापाच्या यंत्रावरच्या नव्या सतरंजीपेक्षा अधिक आला, हे जाणाऱ्याने गृहीत धरावे. पावसाळ्यात ते धुलाईचे काम घेत नाहीत, आणि वैशाखाच्या उन्हात धुतलेले कापड उघड्यावर वाळवायलाही त्यांची तयारी नसते. त्यामुळे धुण्याजोगी सतरंजी असेल तर ती दिवाळीनंतरच न्यावी.