जुन्या वॅगनआरमध्ये अँड्रॉइड स्टिरिओ आणि नेव्हिगेशन: एक पावसाळा, एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी २००९ ची वॅगनआर पेट्रोल, एमएच ११, म्हणजे साताऱ्याची. पंधरा वर्षं झाली तेव्हा विकायची का ठेवायची यावर घरात भरपूर काथ्याकूट झाला, पण एजंटनी सांगितलेला भाव ऐकून सगळेच गप झाले आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं रिपासिंग करून घेतलं. आता अजून पाच वर्षं वापरायचीच आहे तर जरा सोयीची करू म्हणून जुना सीडी प्लेअर काढून ७ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवला, सोबत जीपीएस आणि मागं रिव्हर्स कॅमेरा. कोणत्या कंपनीचा विचाराल तर त्याला काही अर्थ नाही, तोच चायनीज माल दहा नावांनी मिळतो. जुन्या गाडीत हे करणार असाल तर माझं एकच म्हणणं आहे, स्क्रीनवर दोन हजार कमी घाला आणि ते बसवणाऱ्या माणसावर घाला. का ते सांगतो.

आधी फोन होता की, मग हे कशाला? आमचे आण्णा पण हेच म्हणाले, "सातारा पुणं डोळं झाकून जाशील, मग ह्ये पैसं कशाला घालवतोस?" सातारा पुणं जातो हो, पण वारजे ओलांडलं की पुढं कुठल्या पुलाखालून वळायचं ते दर सहा महिन्यांनी बदललेलं असतं. फोन होल्डरवर लावून रस्ता बघायला कायद्याची अडचण नाही, ऑक्टोबर २०२० पासून नियमात तशी सूट आहे, पण एप्रिल-मेमध्ये काचेवर लावलेला फोन तापून मंद होतो, चार्जिंग थांबतं, आणि नेमक्या चौकात कुणाचा तरी फोन येतो आणि मॅप गायब. शिवाय आता चाळिशी लागलीय, तेवढ्या अक्षरात बघायला चष्मा वर खाली करावा लागतो. ते गाडी चालवताना धोक्याचं.

साइजचं थोडक्यात. डबल डिनचा (म्हणजे डॅशबोर्डमधला स्टिरिओसाठीचा मोठा ठरावीक साइजचा) खाचा साधारण १७८ बाय १०० मिलिमीटरचा असतो आणि ७ इंची युनिट त्यात बरोबर बसतं. दुकानदार ९ इंचीच घ्या म्हणून मागं लागला होता, पण ती स्क्रीन फ्रेमच्या बाहेर येते, एसीच्या जाळ्या आणि बटणं अर्धी झाकली जातात आणि जुन्या डॅशबोर्डवर ते उपरं दिसतं. ७ इंची घेतली, पश्चात्ताप नाही.

आता मुख्य विषय, वायरिंग.

पहिल्यांदा जिथून युनिट घेतलं तिथंच बसवलं, फिटिंगचे ५०० रुपये. पोरगं हुशार होतं, हात पटापट चालत होते, तासाभरात गाडी हातात. पहिल्या दिवशी सगळं भारी. दुसऱ्या दिवसापासून लक्षात यायला लागलं की चावी फिरवली की युनिट दरवेळी पहिल्यापासून चालू होतंय, कंपनीचा लोगो, मग अँड्रॉइडचा लोगो, मग काळी स्क्रीन, मॅप उघडेपर्यंत मी गोडोलीतून निघून पोवई नाक्यावर पोचलेलो. घड्याळ चुकीचं, रेडिओची स्टेशनं पुसलेली. दुकानात फोन केला तर "साहेब अँड्रॉइडला एवढा टाइम लागतोच". वरून ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून गुंईऽऽ असा आवाज, जेवढा रेस तेवढा मोठा. आणि रात्री तर स्क्रीनचा उजेड एवढा की पुढच्या काचेत तिचीच सावली पडायची.

महिनाभर सहन केलं आणि मग एमआयडीसीकडं एक जुने वायरमन आहेत, ट्रकांचं काम करतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी युनिट बाहेर ओढलं, मागचा गुंता बघितला आणि टॉर्च मारून दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवो, पिवळी आन् लाल एकातच पिळलीय की ह्यानं."

तर गोष्ट अशी आहे की या युनिटला करंट दोन ठिकाणाहून लागतो. पिवळी वायर कायम बॅटरीवर, लाल वायर चावीवर. चावी काढली की लाल बंद होते, पण पिवळीवर युनिट झोपून राहतं आणि परत चावी लावली की दोन तीन सेकंदात जागं होतं, मॅप होता तिथंच. दोन्ही चावीच्या वायरवर पिळल्या की प्रत्येक वेळी पूर्ण बंद, पूर्ण चालू. त्या पोराला पिवळीसाठी कायमचा करंट शोधायचा कंटाळा आला, बाकी काही नाही. जुन्या गाडीत हा प्रकार जास्त होतो कारण आधी कुणीतरी सीडी प्लेअर बसवताना ओरिजिनल कपलर (वायरींचा कंपनीचा जोड) कापून टाकलेला असतो, वायरींचे रंग जुळत नाहीत, मग टेस्टर लावून एकेक शोधत बसावं लागतं. कपलर शाबूत असेल तर कापू देऊ नका, त्यावर बसणारं तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मिळतं, किंमत फार नाही.

काळी वायर म्हणजे अर्थिंगची, ती आधी कुठल्यातरी स्क्रूला गुंडाळलेली होती. वायरमनकाकांनी बॉडीवर रंग खरवडून, आयलेट लावून नटाखाली आवळली आणि गुंई बंद! उजेडाचं पण तसंच, केशरी वायर पार्किंग लाइटला जोडायची असते म्हणजे लाइट लावले की स्क्रीन आपोआप मंद होते, ती नुसती टेप मारून सोडून दिलेली. काकांनी सगळे जोड डाग देऊन (सोल्डर करून), वर स्लीव्ह घालून केले, कारण साधी चिकटपट्टी उन्हाळ्यात डॅशबोर्डच्या आत विरघळून चिकट होते आणि सुटते. पिवळीला वेगळा फ्यूज टाकला. १२०० रुपये घेतले, अर्धा दिवस गेला, मधे दोनदा चहा झाला.

दुसरं म्हणजे जीपीएसचा अँटेना. हे काड्यापेटीपेक्षा छोटं काळं चौकोनी डबडं असतं, खाली लोहचुंबक, मागं लांब वायर. आमच्या पहिल्या फिटरनी ते युनिटच्या मागं लोखंडी पट्टीखाली कोंबलं होतं, म्हणजे पातेल्याखाली रेडिओ झाकून ठेवायचा आणि बातम्या ऐकू येत नाहीत म्हणायचं. सॅटेलाइट २०,२०० किलोमीटर उंचीवर, तिथून येणारा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण, आणि नेमकी जागा काढायला एकावेळी निदान चार सॅटेलाइट पकडावे लागतात. त्याला आकाश दिसायला पाहिजे, मधे प्लॅस्टिक आणि काच चालते, पत्रा चालत नाही. काही सनफिल्ममध्ये धातूचा थर असतो, ती पण सिग्नल खाते.

कोरेगाव रोडला गाडी सरळ चालली असताना स्क्रीनवरचा बाण शेतात घुसायचा. तेव्हा जीपीएस टेस्टचं एक फुकट ॲप टाकून बघितलं तर सिग्नलचे आकडे विशीच्या आसपास. काकांनी अँटेना काढून डॅशबोर्डच्या वर डाव्या कोपऱ्यात काचेखाली आणला, सपाट बाजू वर करून, वायर काचेशेजारच्या पिलरच्या पट्टीतून आत. तिथंच उभ्या उभ्या आकडे पस्तीस ते चाळीसवर गेले. तेव्हापासून बाण शेतात गेलेला नाही. त्यामुळं युनिट घेताना रॅम किती, अमुक कोअर किती हे विचारत बसण्यापेक्षा अँटेना कुठं लावणार ते विचारा. अँड्रॉइडच्या व्हर्जनवर तर विश्वासच ठेवू नका, माझ्या युनिटच्या सेटिंगमध्ये १३ लिहिलंय, माहिती काढणारं ॲप टाकलं तर आत १० निघालं. चालतंय, पण लक्षात असू द्या. २ जीबी रॅममध्ये मॅप आणि गाणी एकत्र चालतात, त्याच्यावर काही उघडलं की अडकतं.

रस्त्यावर कसं आहे? हायवेला मस्त. फक्त वाढे फाटा, शेंद्रे अशा ठिकाणी पूल आणि सर्व्हिस रोड शेजारी शेजारी आहेत तिथं आपण वर आहोत का खाली हे त्याला पटकन कळत नाही, पाच दहा मीटरचा फरक जीपीएसमध्ये असतोच आणि उंचीचा अंदाज तर त्याहून कच्चा. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये (चौकाखालून जाणारा रस्ता, २०२१ ला चालू झाला तो) खाली उतरलं की सिग्नल जातो आणि बाहेर आल्यावर बाण दुसऱ्याच रस्त्यावर उभा असतो, मग दोन सेकंद विचार करून परत जागेवर येतो. आपल्याला काय, पाठ आहे, पण बाहेरून आलेला पाव्हणा तिथं हमखास फसतो, त्यांना आधीच सांगून ठेवा की बोर्ड बघून उतरा. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यात सिग्नल जातो पण मॅप आधीच्या स्पीडवरून अंदाजानं बाण पुढं ढकलत राहतो, अडचण येत नाही.

इंटरनेटला फोनचा हॉटस्पॉट वापरतो. पण यवतेश्वरचा घाट चढून कास ओलांडलं आणि बामणोलीकडं उतरायला लागलं की रेंज जाते येते, त्यामुळं ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवणं मस्ट आहे. घरच्या वायफायवर पूर्ण जिल्हा आणि पुण्याचा भाग उतरवून ठेवलाय, अधूनमधून अपडेट करावा लागतो नाहीतर एक्स्पायर होतो. ऑफलाइनला ट्रॅफिक दिसत नाही. मॅपल्सचं (मॅपमायइंडियाचं) नकाशाचं ॲप पण टाकलंय, त्यात मोठ्या चौकाचं चित्र दिसतं आणि स्पीडब्रेकर आला की सांगतं, ते आण्णांना फार आवडलंय, प्रत्येक स्पीडब्रेकरला "बघ बघ, कळलं त्याला" म्हणतात.

एक सावध करतो. महाबळेश्वर टाकलं की मॅप बऱ्याचदा मेढा, केळघर घाटानं नेतो कारण अंतर कमी. उन्हाळ्यात ठीक, सुंदर रस्ता आहे. पावसाळ्यात तिकडं दरडी येतात आणि ऑफलाइन मॅपला त्याचा पत्ता नसतो. मी जुलै-ऑगस्टमध्ये सरळ वाई टाकतो मधे, मग पसरणी घाटानं वर. आणि पसरणीत धुकं असलं ना की हे युनिट खरं वसूल होतं, समोर दहा फूट दिसत नाही पण स्क्रीनवर पुढचं वळण डावीकडं आहे का उजवीकडं, किती आवळ आहे ते कळतं. स्पीड मात्र धुक्याच्या हिशोबानंच, समोरून एसटी येतेय हे मॅप सांगत नाही.

उन्हाळ्यात गाडी उन्हात असेल तर पहिली पाच मिनिटं टच नीट चालत नाही, एसी लावून थांबायचं. स्क्रीन चकचकीत आहे, दुपारी ऊन पडलं की आपलाच चेहरा दिसतो, त्यावर १५० रुपयांची मॅट फिल्म लावली. रिव्हर्स कॅमेरा दिवसा छान, पावसात चिखल उडाला की उपयोग शून्य, बोळातून गाडी काढताना उतरून पुसावा लागतो.

बॅटरीचं बरेच जण विचारतात. काकांनी मीटर लावून बघितलं, गाडी बंद असताना ३० मिलीअँपिअरच्या आसपास खातं. दिवसाला पाऊण अँपिअर-अवर धरा. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला रोज फिरणाऱ्या गाडीत फरक पडत नाही, पण तीन आठवडे गाडी उभी ठेवली तर चाळीस टक्क्यांच्या वर खाऊन बसेल आणि बॅटरी जुनी असेल तर सेल्फ मारणार नाही. माझ्या युनिटच्या सेटिंगमध्ये किती वेळानं पूर्ण बंद व्हायचं ते देता येतं, मी एक दिवस ठेवलाय. तुमच्यात तसा ऑप्शन नसेल तर गावाला जाताना पिवळीचा फ्यूज काढून ठेवा, आमच्या काकांनी तो मुद्दाम हाताला येईल असा ग्लोव्हबॉक्सच्या मागं टाकलाय.

खर्च: युनिट ७,२००, कॅमेरा ८००, पहिली फिटिंग ५००, काकांचे १२००, फिल्म १५०. माइक अजून नीट नाही, फोनवर समोरच्याला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा जातो म्हणतात. बाहेरचा माइक पिलरवर लावायचाय, काका म्हणालेत दिवाळीनंतर या, आत्ता साखर कारखान्याच्या गाड्यांची लाइन लागलीय.