बेस पातळ येतोय: क्रॉसओव्हर बदलावा की सबवूफर जोडावा?

स्वतः बांधलेले स्पीकर पहिल्यांदा वाजवले आणि बेस पातळ आला, की दोन सल्ले हमखास मिळतात: क्रॉसओव्हरमध्ये (खालचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) बॅफल स्टेपची, म्हणजे खोक्याच्या पुढच्या फळीमुळे खालच्या सुरांत येणाऱ्या घटीची, भरपाई करा, नाहीतर सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर, आणा. मी दोन्ही वापरून पाहिलंय. त्याआधी एक करा. एकाच स्पीकरच्या मागच्या दोन तारांची अदलाबदल करून ऐका. बेस भरून आला तर दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलत होते, आणि पुढचं वाचायची गरज नाही.

बॅफल स्टेप हा फळीच्या रुंदीचा प्रश्न आहे. ११५ला पुढच्या फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागा: २० सेंटिमीटरला साधारण ५७५ हर्ट्झ येतात. त्याच्या आसपासपासून खालचा आवाज खोक्याला वळसा घालून मागेही पसरू लागतो, आणि मोकळ्या जागेत समोरचा आवाज ६ डेसिबलपर्यंत उतरतो. वूफरच्या (खोक्यातल्या खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरच्या) कागदावरचा आलेख बहुधा मोठ्या सपाट फळीवर घेतलेला असतो, म्हणून हिशेब बरोबर असूनही खोका पोकळ वाजतो.

सबवूफर बहुतेक जण ८० हर्ट्झच्या आसपास जोडतात. म्हणजे खड्डा सुरू होतो पाचशेच्या घरात आणि भर पडते ऐंशीच्या खाली! दणका येतो, पण चेलो आणि पुरुषांचा खर्जातला आवाज होता तसाच हडकुळा राहतो. अर्थात ४० हर्ट्झच्या खालचं जे काही सबवूफर देतो, ते साडेसहा इंची वूफर छोट्या खोक्यातून देणार नाही, हेही खरं.

माझं मत मात्र एका क्षुल्लक गोष्टीने भरपाईच्या बाजूने फिरलं. सबवूफर आपोआप झोपतो. रात्री हळू आवाजात ऐकत असलो की संथ भागात त्याला सिग्नल पुरत नाही आणि तो बंद पडतो. मग डग्गा घुमतो तेव्हा धप्प करून जागा होतो, तोही अर्धी मात्रा उशिरा. कायम चालू ठेवायचं बटण काही सबवूफरना असतं, माझ्याला नव्हतं. तुम्ही मोठ्यानेच ऐकत असाल तर कदाचित हे जाणवणारही नाही.

भरपाई फुकट नसते. वूफरच्या वाटेवर मोठी कॉइल येते, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) दाबावा लागतो, आणि जितके डेसिबल भरून काढाल तितकी संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटवर मिळणारा आवाज, जाते. ८७ डेसिबलचा स्पीकर ८३वर आला तर तेवढ्याच आवाजासाठी अॅम्पकडून अडीचपट वॉट लागतात. लहान अॅम्प असेल तर सबवूफरचं पारडं थोडं जड होतं. भिंतीजवळच्या स्पीकरला पूर्ण ६ डेसिबलची भरपाई देऊ नका, आवाज घुमायला लागतो. मला ३-४ पुरले.

कॉइल विकत घेण्याआधी संगणकावरच्या इक्वलायझरमध्ये साधारण ५०० हर्ट्झच्या वरचं सगळं ४ डेसिबलने उतरवा, आवाज तेवढाच वाढवा आणि आठवडाभर तसंच ऐका. हडकुळेपणा गेला असेल तर सबवूफरचे पैसे वाचले.